रीस्टार्ट करण्याआधी /प्रॉक उघडा

एखादी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, अडकली की बहुतेकांचा हात आधी रीस्टार्टकडे जातो. सेवा पुन्हा सुरू होते, आलेख जागेवर येतो, आणि काय बिघडलं होतं ते सांगू शकणारा एकमेव साक्षीदार त्याच क्षणी नाहीसा होतो. काही दिवसांनी तीच अडचण परत येते आणि तेव्हाही आपल्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. मी सर्व्हर सांभाळायचं काम करते. आमच्याकडे नवीन आलेल्या प्रत्येकाला मी आधी एकच सवय लावते: प्रोसेस मारण्यापूर्वी तिची /प्रॉकमधली डिरेक्टरी वाचायची. त्यासाठी काही इन्स्टॉल करावं लागत नाही, डीबगर लावावा लागत नाही, आणि चालू प्रोसेसला बहुतेक वेळा धक्काही लागत नाही.

खाली कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची. कॅपिटल अक्षर लागेल तिथे मी तसं सांगितलं आहे. ४८१२ हा नमुन्यादाखल घेतलेला प्रोसेस क्रमांक, म्हणजे पीआयडी. त्या जागी तुमचा घाला. बहुतेक वर्णन लिनक्सचं आहे. इतर युनिक्सांबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे.

/प्रॉक ही डिस्कवरची जागा नाही. तिथली फाइल तुम्ही वाचायला घेता तेव्हा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, तिचा मजकूर त्या क्षणी तयार करून देतो. म्हणून 'एलएस -एल' केलं की जवळपास सगळ्या फाइलींचा आकार शून्य दिसतो आणि तरीही 'कॅट' केल्यावर पानभर माहिती येते. याचे दोन परिणाम लक्षात ठेवा. आकार बघून 'फाइल रिकामी आहे' असं ठरवणारी स्क्रिप्ट इथे चालत नाही. आणि 'टेल -एफ'चाही उपयोग नाही, कारण शेवटी नव्या ओळी जोडल्या जात नाहीत. ताजी स्थिती हवी असेल तर फाइल पुन्हा उघडून वाचायची. तेच काम 'वॉच' कमांड करते.

ही कल्पना बेल लॅब्जमधल्या टॉम किलियन यांची. १९८४ साली आठव्या आवृत्तीच्या युनिक्ससाठी त्यांनी ती मांडली. त्याआधी दुसऱ्या प्रोसेसच्या आत डोकवायचं तर 'पीट्रेस' हा सिस्टम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे काम मागायचा मार्ग, होता. त्याने फक्त स्वतःच्या चाइल्ड प्रोसेसकडे बघता यायचं, तेही एका वेळी मेमरीचा एकच 'वर्ड', म्हणजे मोजके बाइट. किलियन यांनी प्रत्येक प्रोसेसला फाइल केलं. मग उघडणं, वाचणं, लिहिणं आणि परवानगी तपासणं यासाठी नवं काही शोधावं लागलं नाही, फाइलींसाठी असलेली यंत्रणाच पुरली. पुढे रॉजर फॉकनर आणि रॉन गोम्स यांनी ती सिस्टम फाइव्हच्या चौथ्या रिलीजमध्ये आणली. प्लॅन नाइनने एका फाइलीच्या जागी प्रोसेसगणिक डिरेक्टरी दिली आणि तिच्यात साधा वाचता येणारा मजकूर ठेवला. १९९२ मध्ये लिनक्समध्ये /प्रॉक आलं तेही याच वळणाचं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण मजकूर असल्यामुळे पडत्या मशीनवर हाताशी फक्त शेल उरला असला तरी चौकशी करता येते.

पहिली नजर

प्रोसेस नक्की कोण आहे, कुठून आली, हे आधी ठरवा.

टीआर '\०' '\एन' < /प्रॉक/४८१२/सीएमडीलाइन
एलएस -एल /प्रॉक/४८१२/सीडब्ल्यूडी /प्रॉक/४८१२/ईएक्सई

सीएमडीलाइनमध्ये प्रोग्रामला दिलेले सगळे आर्ग्युमेंट असतात, पण त्यांच्यामध्ये स्पेस नसते, शून्य बाइट असतो. नुसतं कॅट केलं तर सगळं चिकटून दिसतं, म्हणून वर टीआर वापरलं आहे. सीडब्ल्यूडी ही प्रोसेसच्या चालू डिरेक्टरीची लिंक, आणि ईएक्सई ही प्रत्यक्ष चालू असलेल्या बायनरीची. ईएक्सईच्या पुढे 'डिलीटेड' असं दिसलं तर बहुधा पॅकेज अपडेट झालं, डिस्कवर नवी बायनरी आली आणि ही प्रोसेस अजून जुनीच चालवते आहे. सुरक्षेची दुरुस्ती लावूनही सर्व्हर जुन्या दोषासकट चालू राहतो तो असा. प्रोसेस जिवंत आहे तोवर ती काढून टाकलेली बायनरी या लिंकवरून कॉपीही करता येते. संशयास्पद प्रोग्राम स्वतःला पुसून मेमरीत चालत असेल तर त्याचा नमुना मिळवायचा हा सर्वांत सोपा रस्ता.

प्रोसेसचे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल असलेली एन्व्हायरॉन ही फाइलही सीएमडीलाइनसारखीच शून्य बाइटने तोडलेली. सेवा चुकीच्या कॉन्फिगरेशनने चालते आहे असं वाटलं की मी कॉन्फिगरेशनची फाइल नंतर बघते, आधी हे बघते. फाइलीत आज काय लिहिलं आहे यापेक्षा प्रोसेसने सुरुवातीला काय घेतलं ते महत्त्वाचं. फक्त इतकं ध्यानात असू द्या की इथे प्रोसेस सुरू होतानाचे व्हेरिएबल दिसतात. प्रोग्रामने नंतर आपल्या आत केलेले बदल सहसा इथे उमटत नाहीत.

एन्व्हायरॉन वाचायला तुम्ही त्या प्रोसेसचे मालक किंवा रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, असावे लागता. सीएमडीलाइनचं तसं नाही, नेहमीच्या मांडणीत ती मशीनवरच्या प्रत्येक वापरकर्त्याला दिसते. म्हणून कमांड लाइनवर पासवर्ड देणं मी कोणाचंही खपवून घेत नाही. अनेक वापरकर्ते असलेल्या मशीनवर /प्रॉक माउंट करताना 'हाइडपीआयडी=२' हा पर्याय दिला की दुसऱ्याच्या प्रोसेस दिसतच नाहीत.

उघड्या फाइली

/प्रॉकमधली सर्वांत उपयोगी एकच जागा निवडायला सांगितली तर मी एफडी ही डिरेक्टरी निवडेन. प्रोसेसने उघडून ठेवलेली प्रत्येक गोष्ट, फाइल, पाइप, सॉकेट, तिथे एका आकड्याच्या नावाने लिंक म्हणून दिसते. त्या आकड्यालाच एफडी, म्हणजे फाइल डिस्क्रिप्टर, म्हणतात.

एलएस -एल /प्रॉक/४८१२/एफडी

०, १ आणि २ म्हणजे इनपुट, आउटपुट आणि एरर. लॉग कुठे जातो आहे हे कोणालाच आठवत नसेल तर १ आणि २ कुठे बोट दाखवतात ते बघा, उत्तर तिथेच असतं. पुढे किती उघडलं आहे ते मोजायचं असेल तर 'एलएस /प्रॉक/४८१२/एफडी | डब्ल्यूसी -एल'. हा आकडा तासातासाने वाढत जात असेल तर प्रोग्राम काहीतरी उघडून बंद करायला विसरतो आहे. एफडीच्या शेजारी, /प्रॉक/४८१२मध्येच, लिमिट्स नावाची फाइल असते, तिच्यातली 'मॅक्स ओपन फाइल्स' ही ओळ बाजूला ठेवून तुलना करा. अनेक जण आपल्या शेलमध्ये 'यूलिमिट -एन' देऊन निर्धास्त होतात, पण ती मर्यादा त्यांच्या शेलची. सेवा सुरू होताना तिला जी मिळाली तीच तिला लागू असते, आणि ती फक्त लिमिट्समध्येच खात्रीने दिसते. चालू प्रोसेसची मर्यादा वाढवायची असेल तर 'पीआरलिमिट' आहे, रीस्टार्टची गरज नाही.

आता डिस्क भरण्याचा प्रसंग. रात्री अलार्म येतो, 'डीएफ' सांगतं पार्टिशन पूर्ण भरलं, आणि 'डीयू'ने सगळं मोजलं तर बेरीज निम्म्यालाही पोचत नाही. मधली जागा गेली कुठे? कोणीतरी मोठा लॉग 'आरएम'ने पुसलेला असतो. नाव गेलं, पण प्रोसेसने फाइल उघडी ठेवली आहे, त्यामुळे कर्नल ब्लॉक परत देत नाही. अशा फाइली शोधायला:

फाइंड /प्रॉक/[०-९]*/एफडी -एलनेम '*डिलीटेड*' -एलएस

ही कमांड रूट म्हणून चालवा, नाहीतर दुसऱ्यांच्या डिरेक्टरी वगळल्या जातात. समजा पीआयडी ४८१२ आणि एफडी ७ सापडला. त्याचा खरा आकार 'स्टॅट -एल /प्रॉक/४८१२/एफडी/७' सांगतं, यातला एल कॅपिटल, म्हणजे लिंकच्या पलीकडे जाऊन बघ. लिंकमध्ये दिसणारा पत्ता आता अस्तित्वात नाही, तरी ती उघडते. कारण ही दिसायला सिंबॉलिक लिंक असली तरी कर्नल नावावरून फाइल शोधत बसत नाही, तो थेट उघड्या फाइलीपर्यंत नेतो.

इथून दोन रस्ते. मजकूर हवा असेल तर कॉपी करा:

सीपी /प्रॉक/४८१२/एफडी/७ /दुसरी-डिस्क/वाचवलेला-लॉग

प्रोसेस अजून लिहीत असेल आणि नेमकी त्या क्षणाची प्रत हवी असेल तर आधी 'किल -स्टॉप ४८१२', मग कॉपी, मग 'किल -कॉन्ट ४८१२'. स्टॉप आणि कॉन्ट ही सिग्नलची नावं कॅपिटलमध्ये. चुकून पुसलेल्या फाइली मी या रीतीने परत आणल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी शक्य झालं ते केवळ कोणी घाईने रीस्टार्ट केलं नव्हतं म्हणून.

मजकूर नको, फक्त जागा हवी असेल तर फाइल आतून रिकामी करा:

: > /प्रॉक/४८१२/एफडी/७

जागा लगेच सुटते आणि प्रोसेस चालू राहते. हे फक्त लॉगवर करायचं. डेटाबेसची फाइल अशी रिकामी करणं म्हणजे डेटा स्वतःच्या हाताने नष्ट करणं, त्यामुळे लिंकमधलं नाव दोनदा वाचा.

आणखी एक बारकावा. फाइल न पुसलेली, चालू लॉग असेल आणि तुम्ही ती अशी रिकामी केली, तर पुढे काय होईल हे प्रोसेसने ती कशी उघडली यावर ठरतं. 'कॅट /प्रॉक/४८१२/एफडीइन्फो/७' करा. 'पॉस' म्हणजे प्रोसेस फाइलीत आत्ता कुठे आहे, आणि 'फ्लॅग्ज' हा अष्टमान पद्धतीतला आकडा. नेहमीच्या एक्स८६ मशीनवर त्यात उजवीकडून चौथा अंक २ किंवा ६ असेल तर फाइल ॲपेंड पद्धतीने उघडली आहे, उदाहरणार्थ ०१०२००१. मग रिकामी केल्यावर लेखन पुन्हा सुरुवातीपासून नीट होतं. तो अंक ० किंवा ४ असेल तर प्रोसेस आपल्या जुन्या जागेवरूनच पुढे लिहिते आणि आधीच्या भागात पोकळी राहते. पोकळी डिस्कवर जागा खात नाही, पण एलएसमध्ये आकार पूर्वीएवढा दिसतो आणि लॉग वाचणाऱ्या साधनांना सुरुवातीला नुसते शून्य बाइट भेटतात.

त्याच पॉसचा आणखी एक छान उपयोग: मोठी फाइल कॉपी होत असेल आणि कमांड काहीच दाखवत नसेल, तर तिच्या इनपुटचा एफडी शोधा आणि एफडीइन्फोवर 'वॉच' लावा. पॉस फाइलीच्या आकाराच्या दिशेने सरकताना दिसतो, आणि उरलेला वेळ हिशोबाने काढता येतो.

अडकलेली प्रोसेस

आता खरा कठीण प्रश्न: प्रोसेस जिवंत आहे, सीपीयू वापरत नाही, काम पुढे सरकत नाही. ती कशाची वाट बघते आहे?

ग्रेप स्टेट /प्रॉक/४८१२/स्टेटस

स्टेटमधला एस कॅपिटल. आर असेल तर ती धावते आहे किंवा धावायला तयार आहे. एस म्हणजे झोपली आहे पण सिग्नलने उठेल. डी म्हणजे कर्नलच्या आत अशा ठिकाणी थांबली आहे जिथे सिग्नल पोचत नाही, बहुधा डिस्क किंवा नेटवर्क फाइल सिस्टम. डी असताना 'किल -९' पुन्हा पुन्हा देण्याने बहुतेक वेळा काही होत नाही, दुरुस्ती स्टोरेजच्या बाजूने करावी लागते. झेड म्हणजे प्रोसेस संपली आहे, तिच्या पालकाने तिचा निकाल वाचलेला नाही. तिथे त्या पालकाकडे बघा, त्याचा क्रमांक स्टेटसमध्येच 'पीपीआयडी'समोर असतो.

डी दिसला की 'कॅट /प्रॉक/४८१२/डब्ल्यूचॅन' आणि रूट असाल तर 'कॅट /प्रॉक/४८१२/स्टॅक'. कर्नलमधल्या फंक्शनांची नावं येतात. ती सगळी समजायची गरज नाही. त्यात एनएफएस किंवा आरपीसी ही अक्षरं दिसली की प्रोसेस दूरच्या फाइल सर्व्हरची वाट बघते आहे हे कळायला पुरेसं आहे.

एस दिसला तर मी सिसकॉल ही फाइल उघडते. तिच्याकडे फार थोडे लोक बघतात आणि तीच बहुतेकदा उत्तरापर्यंत नेते.

कॅट /प्रॉक/४८१२/सिसकॉल

पहिला आकडा म्हणजे प्रोसेस ज्या सिस्टम कॉलमध्ये थांबली आहे त्याचा क्रमांक, पुढचे सहा षोडशमान आकडे म्हणजे त्याचे आर्ग्युमेंट. ६४-बिट एक्स८६वर ० म्हणजे रीड, १ म्हणजे राइट, ७ म्हणजे पोल, २०२ म्हणजे फ्यूटेक्स, २३२ म्हणजे ईपोल-वेट. २०२ आला तर थ्रेड, म्हणजे प्रोसेसच्या आतला कामाचा एक स्वतंत्र प्रवाह, बहुधा एखाद्या लॉकपाशी थांबला आहे. २३२ आला तर सर्व्हर बहुधा नव्या कामाची वाट बघत स्वस्थ बसला आहे. ० किंवा १ आला तर पहिला आर्ग्युमेंट म्हणजे एफडी, आणि तिथून धागा पुढे ओढता येतो.

एक अहवाल तयार करणारी प्रोसेस अशीच रात्रभर थांबून होती. लॉगमध्ये शेवटची ओळ संध्याकाळची. सिसकॉलमध्ये पहिला आकडा ०, पहिला आर्ग्युमेंट ०एक्स९. म्हणजे नऊ नंबरच्या एफडीवर रीड. एफडी/९ ही लिंक 'सॉकेट:[३८२९१७]' अशी. कंसातला आकडा म्हणजे सॉकेटचा आयनोड, त्याचा कर्नलमधला ओळख क्रमांक. तो घेऊन:

ग्रेप ३८२९१७ /प्रॉक/४८१२/नेट/टीसीपी

इथे साधं /प्रॉक/नेट/टीसीपी न वापरता पीआयडीच्या आतलं वापरते, कारण कंटेनरमधल्या, म्हणजे मशीनवर इतरांपासून वेगळ्या कप्प्यात ठेवलेल्या, प्रोसेसचं नेटवर्क वेगळं असू शकतं. ओळीत आधी आपला पत्ता, मग पलीकडचा पत्ता, मग स्थिती. पत्ते षोडशमान, आणि एक्स८६सारख्या मशीनवर बाइट उलट्या क्रमाने: १२७.०.०.१ हे ०१००००७एफ असं दिसतं. पोर्ट मात्र सरळ. पलीकडच्या पत्त्याचा पोर्ट १५३८ होता, दशमानात ५४३२, म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेस. स्थिती ०१, म्हणजे जोडणी शाबूत. आमच्या बाजूने शाबूत. पलीकडचं डेटाबेसचं मशीन त्या संध्याकाळी बदललं गेलं होतं. जुनं मशीन निरोप न देता बंद झालं, आणि आमची प्रोसेस न येणाऱ्या उत्तराची वाट बघत राहिली. त्याच ओळीत टायमरचा रकाना ०० होता, म्हणजे जोडणी जिवंत आहे का हे तपासणारा कीप-अलाइव्ह सुरूच नव्हता. तो सुरू असता तरी लिनक्सची मूळ सेटिंग ७२०० सेकंद शांत राहून मग पहिली विचारणा करायची आहे. ती /प्रॉक/सिस/नेट/आयपीव्ही४/टीसीपी_कीपअलाइव्ह_टाइममध्ये दिसते आणि तिथे लिहून बदलता येते.

दुरुस्ती मग स्पष्ट होती: डेटाबेसच्या जोडणीला कीप-अलाइव्ह आणि क्वेरीला वेळेची मर्यादा. नुसतं रीस्टार्ट केलं असतं तर अहवाल त्या दिवशी मिळाला असता आणि पुढच्या वेळी मशीन बदललं तेव्हा पुन्हा अडकला असता.

स्थितीच्या रकान्यात ०८ पुष्कळ दिसले तर ते क्लोज-वेट. पलीकडच्याने जोडणी बंद केली आहे, आपला प्रोग्राम आपलं टोक बंद करत नाही. तो दोष आपल्या कोडमध्ये शोधायचा, नेटवर्कमध्ये नाही. आयपीव्ही६च्या जोडण्या टीसीपी६ या शेजारच्या फाइलीत असतात. एकात सापडलं नाही तर दुसरीत बघा.

प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड असतील तर वरचे स्टेट, डब्ल्यूचॅन, स्टॅक आणि सिसकॉल फक्त मुख्य थ्रेडचे. प्रत्येक थ्रेडची स्वतंत्र डिरेक्टरी /प्रॉक/४८१२/टास्कच्या आत असते, तिथेही स्टेटस, सिसकॉल, डब्ल्यूचॅन असतात. सगळ्यांचा सिसकॉल एकदम छापला आणि जवळपास सगळे २०२वर आणि एकच थ्रेड ०वर दिसला, तर लॉक धरून बसलेला तोच असण्याची शक्यता मोठी.

मेमरी

स्टेटसमध्ये व्हीएमसाइझ, व्हीएमआरएसएस आणि व्हीएमएचडब्ल्यूएम असे आकडे येतात. व्हीएमसाइझ पाहून घाबरू नका, तो फक्त राखून ठेवलेल्या पत्त्यांचा विस्तार आहे. आरएसएस म्हणजे प्रत्यक्ष रॅममध्ये असलेलं, आणि एचडब्ल्यूएम म्हणजे आरएसएसने आजवर गाठलेली सर्वोच्च पातळी. मशीन आता शांत आहे पण मघाशी काय झालं होतं हे कळायला हा शेवटचा आकडा फार कामाचा.

आरएसएसची अडचण अशी की मेमरीची सामायिक पानं, म्हणजे अनेक प्रोसेस मिळून वापरतात ते तुकडे, प्रत्येक प्रोसेसच्या खात्यात पूर्ण धरली जातात. एकाच मूळ प्रोसेसपासून फुटलेल्या वर्करांच्या आरएसएसची बेरीज केली तर ती मशीनच्या रॅमपेक्षाही जास्त भरू शकते. खरा वाटा हवा असेल तर 'एसमॅप्स_रोलअप' बघा. लिनक्स ४.१४पासून ही फाइल आहे. त्यात पीएसएस हा आकडा सामायिक पानं वाटेकऱ्यांमध्ये विभागून धरतो, आणि 'प्रायव्हेट_डर्टी' हा केवळ या प्रोसेसचा भाग. मेमरी गळते आहे असा संशय असेल तर याचीच नोंद दर काही मिनिटांनी ठेवा. दर सेकंदाला नको: मोठ्या प्रोसेसची सगळी पानं चाळायला कर्नलला वेळ लागतो, आणि त्या काळात त्या प्रोसेसची स्वतःची मेमरीची कामं खोळंबू शकतात. 'धक्का लागत नाही' असं मी वर म्हटलं, त्याला हा अपवाद.

कर्नल मेमरी संपल्यावर कोणाला मारेल ते 'ओओएम_स्कोअर' सांगतं. 'ओओएम_स्कोअर_ॲडजे'मध्ये, नावाच्या शेवटी ए-डी-जे ही तीन अक्षरं, -१००० ते १००० मधला आकडा लिहून तुम्ही कल बदलू शकता. -१००० म्हणजे हिला हात लावू नको. एसएसएच सर्व्हरसाठी ते योग्य आहे. आपल्या लाडक्या ॲप्लिकेशनसाठी दिलं तर दुसरंच काहीतरी मरतं.

कंटेनर

कंटेनरच्या आत बहुतेक वेळा शेलही नसतो. यजमान मशीनवरून रूट म्हणून /प्रॉक/४८१२/रूट/ या लिंकच्या आत जा: तुम्हाला कंटेनरची फाइल सिस्टम जशी त्या प्रोसेसला दिसते तशी दिसते. कॉन्फिगरेशन वाचता येतं, लॉग कॉपी करता येतो, आत काहीही टाकावं लागत नाही. उलट दिशेने एक फसगत: कंटेनरमध्ये /प्रॉक/मेमइन्फो वाचलं तर सहसा पूर्ण यजमानाची रॅम दिसते, कंटेनरला घातलेली मर्यादा दिसत नाही. मेमइन्फो वाचून आपला कॅश किती मोठा करायचा हे ठरवणारे प्रोग्राम त्यामुळेच मर्यादा ओलांडून मारले जातात. मर्यादा सीग्रुपच्या, म्हणजे प्रोसेसच्या गटाला मर्यादा घालणाऱ्या कर्नलच्या सोयीच्या, फाइलींमध्ये असते, आणि प्रोसेस कोणत्या सीग्रुपमध्ये आहे ते /प्रॉक/४८१२/सीग्रुप सांगतं.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी

स्टॅट ही एका ओळीची फाइल स्पेसवर तोडून वाचू नका. दुसऱ्या जागी प्रोसेसचं नाव कंसात असतं, आणि नावात स्पेस आणि कंस दोन्ही असू शकतात. शेवटचा बंद कंस शोधा आणि त्याच्या पुढून रकाने मोजा. पीआयडीवरही फार विसंबू नका, जुनी प्रोसेस संपल्यावर तोच क्रमांक नव्या प्रोसेसला मिळतो. खात्रीची ओळख म्हणजे पीआयडी आणि स्टॅटमधला २२वा रकाना, म्हणजे सुरू होण्याची वेळ, यांची जोडी. आणि दोन फाइली वाचण्यामध्ये जग बदललेलं असू शकतं. डिरेक्टरी मध्येच नाहीशी झाली तर स्क्रिप्टने ते निमूटपणे स्वीकारावं.

लिनक्सच्या बाहेर

सोलारिस आणि इलुमॉसमध्ये /प्रॉक आहे, पण आतल्या फाइली बायनरी रचनेच्या. त्या थेट न वाचता पीफाइल्स, पीट्री, पीमॅप, पीस्टॅक या कमांड वापरायच्या, आणि त्या अतिशय चांगल्या आहेत. फ्रीबीएसडीमध्ये प्रॉकएफएस आपोआप माउंट होत नाही, तिथे 'प्रॉकस्टॅट' हेच काम करतं: 'प्रॉकस्टॅट -एफ ४८१२' उघड्या फाइली देतं, '-केके' कर्नलमधला स्टॅक. ओपनबीएसडीने प्रॉकएफएस ५.७ या आवृत्तीत, २०१५ साली, काढूनच टाकलं. मॅकओएसमध्ये /प्रॉक नाही, तिथे 'एलएसओएफ', 'व्हीएममॅप' आणि 'सॅम्पल' या तिघांवर भागवायचं.

पुरावा गोळा करण्याची रीत

रीस्टार्ट टाळता येणार नसेल तर निदान आधी हे साठवा. 'सीपी -आर /प्रॉक/४८१२' असं करू नका. त्यात मेम आणि पेजमॅपसारख्या फाइली आहेत, कॉपी एरर तरी देईल किंवा संपणारच नाही. मी एक छोटी स्क्रिप्ट ठेवते. ती आधी क्षणाक्षणाला बदलणारं घेते: टास्कच्या आतले सगळे सिसकॉल, डब्ल्यूचॅन आणि स्टॅक, काही सेकंद थांबून पुन्हा एकदा. दोन्ही वेळी एकसारखं आलं तर प्रोसेस खरोखर अडकली आहे, वेगळं आलं तर ती हळू आहे, आणि या दोन पूर्ण वेगळ्या अडचणी आहेत. मग 'एलएस -एल'ने एफडी, सगळे एफडीइन्फो, नेट/टीसीपी आणि टीसीपी६. त्यानंतर स्टेटस, लिमिट्स, आयओ, मॅप्स, सीग्रुप, सीएमडीलाइन, एन्व्हायरॉन. एसमॅप्स_रोलअप सर्वांत शेवटी.

डिस्क भरली असेल तर हे सगळं /डेव्ह/एसएचएममध्ये ठेवा. ती जागा रॅममध्ये असते, म्हणून मशीन बंद करण्याआधी तिथून दुसरीकडे हलवायला विसरू नका. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत 'यूमास्क ०७७' असू द्या, म्हणजे साठवलेल्या फाइली इतर वापरकर्त्यांना वाचता येणार नाहीत, आणि गोळा केलेलं कोणाला पाठवण्याआधी एन्व्हायरॉन आणि सीएमडीलाइनमधले पासवर्ड आणि टोकन खोडा.